चक्रव्यूह, गुहा आणि वीर : देवरी-परिसरातील कथापरंपरेच्या अनुषंगाने

१. दोन कथा, एक प्रदेश

गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे तालुक्याचे गाव नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर, महाराष्ट्राच्या पूर्व सीमेलगत वसलेले आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा सर्व मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. झाडीबोली, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी या भाषा या भागात एकमेकींच्या सहवासात नांदतात, आणि भाषांबरोबर त्यांच्या कथाही एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. त्यांपैकी दोन कथांचा विचार येथे कर्तव्य आहे. एक महाभारतातील अभिमन्यूची. ती चक्रव्यूहात शिरलेल्या आणि परत न आलेल्या वीराची कथा होय. दुसरी गोंड समाजाच्या पहांदी पारी कुपार लिंगोची. ती गुहेत कोंडलेल्या लोकांना बाहेर काढणाऱ्या वीराची कथा होय. या दुसऱ्या कथेचे स्थान म्हणून मानली जाणारी कचारगडची गुहा देवरीला लागून असलेल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा-धनेगावच्या डोंगरात आहे.

दोन्ही कथांत एक बंदिस्त जागा आहे, तिचे एक दार आहे आणि त्या दाराशी आलेला एक वीर आहे. परंतु या तीन घटकांची मांडणी दोहोंत अगदी उलट आहे. अभिमन्यू आत जातो आणि त्याची माणसे बाहेर राहतात. लिंगोची माणसे आत असतात आणि तो बाहेर असतो. या उलट मांडणीतून वीर कोणास म्हणावे याविषयीच्या दोन भिन्न कल्पना व्यक्त होतात. त्या लक्षात न घेता गोंडी कथेस पुराणकथेचे एक वन्य रूपांतर समजणे, किंवा अभिमन्यूच्या कथेस केवळ अर्धवट ज्ञानाचा दृष्टान्त समजणे, या दोन्ही प्रकारांनी मूळ आशयाची हानी होते.

२. शब्द आणि आकृती

मराठीत वाट हरवण्याच्या अनुभवास निदान तीन शब्द आहेत. ‘चक्रव्यूह’ हा युद्धशास्त्रातून आलेला शब्द असून शत्रूने रचलेल्या कोंडीचा अर्थ तो सूचित करतो. ‘भुलभुलैया’ म्हणजे पाहुण्यास वा शत्रूस गोंधळवण्यासाठी बांधलेली वास्तू. लखनौच्या बडा इमामबाड्यातील भुलभुलैया प्रसिद्ध आहे, आणि देवगिरीच्या किल्ल्यातील ‘अंधारी’ हा काळोखा, वळणावळणाचा मार्गही त्याच हेतूने कोरलेला आहे. तिसरा शब्द ‘चकवा’. यात भिंत नाही, बांधकाम नाही, शत्रूही नाही. रात्री रानात माणूस चालत राहतो आणि पुनःपुन्हा त्याच झाडाखाली येतो, तेव्हा त्याला चकवा लागला असे म्हणतात. वनप्रदेशातील श्रोत्यास या तिहींपैकी तिसरा अनुभव सर्वांत जवळचा असतो, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

आकृतीच्या दृष्टीने पाहता या कल्पनेचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात वाटा अनेक असतात, फाटे फुटतात, आणि चुकीचा फाटा घेणारा अडकतो. दुसऱ्यात वाट एकच असते. ती कितीही वळली तरी चालणाऱ्यास केंद्रापर्यंत नेते, आणि त्याच वाटेने तो परत येतो. पहिल्यास बहुमार्गी व दुसऱ्यास एकमार्गी रचना म्हणता येईल. प्राचीन आकृती बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या आहेत. ग्रीसमधील पायलॉस येथे सापडलेल्या, इ. स. पू. १२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाटीवर एका बाजूस शेळ्यांची नोंद असून दुसऱ्या बाजूस अशी एकमार्गी आकृती ओरखडलेली आहे. क्रीट बेटावरील नोसोस नगराच्या नाण्यांवरही तीच आकृती आढळते.

भारतातही हिचा प्रसार दीर्घकाळ झालेला आहे. गोव्यात सांगे तालुक्यातील उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी, जांभ्या दगडाच्या सपाट पृष्ठभागावर प्राण्यांच्या चित्रांसमवेत वर्तुळाकार फेऱ्यांची एक मोठी आकृती कोरलेली आहे; ही शिल्पे १९९३ मध्ये अभ्यासकांच्या दृष्टीस आली. इ. स. १०३० च्या सुमारास अल् बेरुनीने आपल्या भारतविषयक ग्रंथात अशीच एक आकृती दिली असून ती रावणाच्या लंकेतील दुर्गाची म्हणून सांगितली आहे. कर्नाटकात हळेबीड येथील बाराव्या शतकातील होयसळेश्वर मंदिरावर चक्रव्यूहाचा जो देखावा कोरलेला आहे, त्यात सैन्याची रचना वळणांच्या आकृतीने दाखविलेली असून अभिमन्यूचा तीत प्रवेश दिसतो. म्हणजे मध्ययुगापर्यंत ही आकृती आणि महाकाव्यांतील वीरकथा यांचा सांधा पक्का जुळलेला होता.

३. आकृती आणि कथा यांतील विसंगती

येथे एक विसंगती उघड होते आणि तीच या विषयाचे मर्म आहे. एकमार्गी आकृतीत वाट चुकण्याची शक्यताच नसते. मग आत गेलेल्या वीरास परत का येता येऊ नये?

ग्रीक कथेत थीसियस हा अथेन्सचा राजपुत्र डीडॅलसने बांधलेल्या भुलभुलैयात शिरतो, आतील वृषभमुखी मिनोटॉरला मारतो आणि राजकन्या ॲरिअ‍ॅड्नीने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने बाहेर येतो. नाण्यांवरील आकृतीस दोऱ्याची गरज नाही. कथेस मात्र आहे. कारण दोरा हा केवळ वाट दाखविणारा उपाय नसून, दाराशी कोणी तरी उभे आहे आणि त्याच्याशी आत गेलेल्याचा संबंध तुटलेला नाही, याची ती खूण आहे. पुढे थीसियसने ॲरिअ‍ॅड्नीला नॅक्सॉस बेटावर सोडून दिले, असे तीच कथा सांगते. वीराची कीर्ती उरली आणि दोरा धरणारी मागे राहिली. ग्रीक कथाकारांनी ही बोच लपविली नाही, हे लक्षणीय आहे.

अभिमन्यूच्या कथेतही तोच प्रश्न उद्भवतो. लोकांत रूढ असलेले उत्तर असे : अर्जुन सुभद्रेस चक्रव्यूहाचा भेद सांगत असता तो गर्भातील बालकाने ऐकला, सुभद्रेस झोप लागली, बाहेर पडण्याचा भाग सांगावयाचा राहिला, आणि त्या अपुऱ्या ज्ञानाने अभिमन्यूचा घात झाला. कीर्तने, कथा आणि हल्लीची गर्भसंस्कारावरील पुस्तके यांतून ही हकीकत इतकी सर्वत्र झाली आहे, की ती मूळ महाभारतातीलच आहे असे सर्रास समजले जाते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेल्या व १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील द्रोणपर्व पाहता चित्र वेगळे दिसते. तेथे गर्भातील श्रवण नाही आणि सुभद्रेची झोपही नाही. युद्धाच्या तेराव्या दिवशी द्रोणाचार्य व्यूह रचतात. अर्जुन संशप्तकांशी लढण्यासाठी दूर गेलेला असतो. युधिष्ठिर अभिमन्यूस व्यूह फोडावयास सांगतो. अभिमन्यू स्पष्टपणे म्हणतो की, पित्याने आपणांस प्रवेश करण्याची रीत शिकविली आहे, परंतु संकट ओढवल्यास बाहेर पडणे आपणांस साधणार नाही. यावर युधिष्ठिर व भीम त्यास वचन देतात : तू दार फोड, आम्ही तुझ्या पाठोपाठ येऊ. तो दार फोडतो. मात्र सिंधुराज जयद्रथ, शंकराच्या वराच्या बळावर, पांडवांना त्याच दारात अडवून धरतो आणि अभिमन्यू एकटा पडतो. अनेक महारथींनी मिळून त्याचे धनुष्य, घोडे, सारथी, रथ, ढाल-तलवार असे एकेक हरण केल्यावर तो रथाचे चाक उचलून धावतो. चक्रव्यूहातील वीराच्या हातात शेवटी चक्रच यावे, यात कवीची दृष्टी दिसते. अखेरीस दुःशासनपुत्राच्या गदेने त्याचा अंत होतो.

तात्पर्य, मूळ कथेत अभिमन्यूची वाट चुकलेली नाही. वाट बंद झालेली आहे. आपल्या ज्ञानाची मर्यादा त्याने आधीच बोलून दाखविली होती. ती मर्यादा भरून काढण्याचे दायित्व वडीलधाऱ्यांनी पत्करले होते आणि ते त्यांना पार पाडता आले नाही. युधिष्ठिराचा पुढील शोक याच जाणिवेने जड झालेला आहे. लोककथेने मात्र हा भार वडीलधाऱ्यांच्या खांद्यावरून उतरवून एका झोपी गेलेल्या मातेच्या माथी ठेवला. गर्भाची कल्पना काव्यदृष्ट्या सुंदर आहे यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे दोषाचे स्थान पालटले, हेही तितकेच खरे.

४. कचारगडची गुहा

आता गोंडी कथेकडे वळता येईल. हिचे सर्वांत जुने विस्तृत लेखन नागपूर येथील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांत आहे. हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून मृत्यू पावले. त्यांचे टिपण सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. परधान गायकांच्या मुखातून घेतलेल्या त्या गीतात महादेव गोंडांना एका गुहेत कोंडतो आणि तिच्या तोंडावर सोळा हात लांबीची शिळा बसवितो. त्यांतून वाचलेले चौघे काचीकोपा लोहागड येथे आश्रय घेतात. फुलापासून जन्मलेला लिंगो त्या चौघांना शेती, अग्नी आणि वाद्यवादन यांची ओळख करून देतो. त्यांच्याच हातून मारला जातो. पुन्हा जिवंत होतो, आणि कोंडलेल्या गोंडांच्या शोधास निघतो. महादेव त्यास बिंदो पक्ष्याची पिले आणण्याची अट घालतो. पिलांना गिळणाऱ्या सर्पाचा वध करून लिंगो पक्षिणीचा विश्वास संपादन करतो, अट पुरी करतो, आणि गोंड मुक्त होतात. काचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड, अशी आजच्या गोंड समाजाची धारणा आहे.

कचारगड-परिसरात आज सांगितली जाणारी कथा काही बाबतीत याहून निराळी आहे. डॉ. मोतीरावण कंगाली (मृत्यू २०१५) यांनी आपल्या गोंडी पुनेमविषयक ग्रंथांतून तिची मांडणी केली. हिच्यात गुहेत कोंडलेली ती कली कंकालीची मुले होत. त्यांच्या सुटकेसाठी माता शोक करते, याचना करते; जंगो रायताडही त्यांच्या बाजूने उभी राहते. लिंगो हिरासुका पाटालीर या वादकास बरोबर घेतो. त्याच्या किंगरीचे सूर शिळेपलीकडे आत पोहोचतात, मुलांच्या अंगी बळ संचरते, आतून ती आणि बाहेरून हिरासुका असा जोर लागून शिळा ढळते. मुले सुटतात, गडगडणाऱ्या शिळेखाली हिरासुका मात्र प्राण गमावतो.

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथातही गुहेतील कोंडमारा आणि पहांदी कुपार लिंगालने केलेली सुटका आढळते. सुमारे दीड शतकाच्या पल्ल्यात आणि विस्तीर्ण प्रदेशात पात्रे व प्रसंग बदलत गेले, तरी एक गाभा स्थिर राहिला : लोक आत आहेत, वीर बाहेर आहे, आणि दगड हलला पाहिजे.

या गाभ्याचे तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला, लिंगोचे मुख्य साधन शस्त्र नव्हे. हिस्लॉपच्या गीतात तो सर्प मारतो, परंतु तो वध दुसऱ्याच्या पिलांच्या रक्षणासाठी आहे. कचारगडच्या कथेत तर साधन म्हणजे सूरच आहे. दुसरा विशेष असा, की कोंडलेली मुले नुसती सोडविली जात नाहीत. तीही आतून जोर लावतात. मुक्ती दिली जाते आणि घेतलीही जाते. तिसरा विशेष सुटकेनंतरच्या भागात आहे. बाहेर आलेल्या लोकांना लिंगो चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांत विभागतो. एका सगेच्या आत विवाह होत नाही. त्यामुळे प्रत्येक घरास दुसऱ्या गटाशी नाते जोडणे भाग पडते. गुहेतील सरमिसळ संपून नात्यांची रेखीव व्यवस्था सुरू होते. ग्रीक वीर बाहेर येऊन राजा होतो. येथे बाहेर आलेल्या जमावाचा समाज होतो.

५. गर्भ, गाभारा आणि यात्रा

गुहेचे आणि गर्भाचे साम्य सर्वत्र मानले गेले आहे. मराठीत तर ते शब्दातच मुरलेले आहे : देवालयाच्या अंतर्भागास आपण ‘गाभारा’ म्हणतो आणि तो शब्द ‘गर्भागार’ यापासून आलेला आहे. अभिमन्यूच्या लोककथेत गर्भ ही ज्ञान मिळण्याची आणि तुटण्याची जागा आहे. पुढे चक्रव्यूह हा त्याचा दुसरा गर्भ ठरतो, ज्यातून जन्म होत नाही. कचारगडच्या कथेत गुहा हा असा गर्भ आहे की त्यातून एका समाजाचा जन्म होतो, आणि त्या जन्मासाठी माता जागी आहे. सुभद्रेची झोप आणि कली कंकालीची जाग या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या म्हणजे दोन परंपरांतील मातेच्या स्थानाचा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

दरवर्षी माघ पौर्णिमेस कचारगडला यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथून गोंड समाजाचे लोक येतात. धनेगावच्या बाजूने डोंगर चढून ते गुहेत जातात, पूजन करतात आणि आल्या वाटेने उतरतात. एकमार्गी आकृतीचे जे स्वरूप वर सांगितले, ते येथे पायांनी रेखाटले जाते : एकच वाट, तीच आत नेणारी, तीच बाहेर आणणारी. फरक इतकाच की, ही वाट एकट्याने चालण्याची नाही. पूर्वज जेथून बाहेर पडले तेथे वंशजांनी जाऊन पुन्हा बाहेर येणे, हा कथेचा केवळ स्मरणोत्सव नसून तिची पुनरावृत्ती होय.

६. चकवा आणि स्पर्श

या प्रदेशाच्या वनसंस्कृतीत वाट हरवण्याविषयीची आणखी एक समजूत वरील विवेचनास पुष्टी देते. देवरीच्या पूर्वेस सीमेपलीकडील छत्तीसगडच्या रानात ‘भूलन कांदा’ नावाची एक वनस्पती सांगतात. तिच्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो आणि तेथल्या तेथे फिरत राहतो. दुसऱ्या माणसाचा स्पर्श होईल तेव्हाच तो भानावर येतो. संजीव बख्शी यांच्या ‘भूलन कांदा’ या हिंदी कादंबरीचा आणि तिच्यावर आधारित छत्तीसगढी चित्रपटाचा विषय हीच समजूत आहे. दोरा नाही, मंत्र नाही, शस्त्र नाही. सुटका होते ती कोणी तरी येऊन हात लावल्यामुळे. रानातल्या चकव्याचे हे तत्त्व आणि कचारगडच्या शिळेचे तत्त्व एकच आहे.

याच सीमाभागापलीकडे पंडवानीची गायनपरंपरा बहरली. तीजनबाई यांच्यामुळे ती जगभर पोहोचली. त्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण देण्यात आले. पंडवानीत महाभारत गायले जाते, परंतु तिच्यात मानाचे स्थान अर्जुनापेक्षा भीमाचे आहे. गोंड समाजातही भिमाल किंवा भिवसन या नावाने एका देवाची उपासना होते आणि त्याची सांगड पुष्कळदा भीमाशी घातली जाते. चक्रव्यूहाच्या दारात अडविला गेलेला, पुतण्यापर्यंत पोहोचू न शकलेला वीर तो भीमच. महाभारतात त्या दिवशी त्याचे बळ निष्फळ ठरले. या मुलखातील श्रोता जेव्हा एका रात्री भीमाचे गायन ऐकतो आणि माघ पौर्णिमेस कचारगडची शिळा पाहतो, तेव्हा दार न उघडल्याची आणि दार उघडल्याची अशा दोन्ही स्मृती त्याच्या मनात एकत्र वास करतात.

७. निष्कर्ष

वरील तुलनेवरून असे म्हणता येईल की, चक्रव्यूहाची कथा दिसावयास प्रवेशाची असली तरी तिचा कस बाहेर पडण्यात लागतो. आणि बाहेर पडण्याची वाट एकट्या वीराच्या हाती कोणत्याच परंपरेने दिलेली नाही. थीसियसला दोरा धरणारी हवी होती, अभिमन्यूला पाठोपाठ येणारे हवे होते, चकव्यातील माणसाला स्पर्श हवा असतो. गोंडी कथेने हेच सत्य उलट बाजूने, परंतु अधिक स्पष्टपणे सांगितले. तिने वीराला प्रथमपासूनच दाराशी उभे केले, त्याच्या कर्तृत्वाचे माप बाहेर आलेल्या माणसांवरून घेतले, आणि त्या सुटकेची किंमत ज्या वादकाने मोजली त्याचे नाव विसरू दिले नाही.

या दृष्टीने पाहता ‘अभिमन्यू’ हा शब्द मराठीत आज ज्या अर्थाने वापरला जातो, त्याचाही फेरविचार व्हावयास हवा. एकाकी पडलेल्या मनुष्यास अभिमन्यू म्हणताना त्याच्या ज्ञानात काय उणे होते असा प्रश्न सहज विचारला जातो. द्रोणपर्वाचा प्रश्न निराळा आहे : पाठोपाठ येतो असे म्हणणारे कोठे अडले?

अभ्यासाच्या दृष्टीने एक कार्य निकडीचे आहे. लिंगोची कथा परधानांच्या गायनावर जगली. १८६६ चे मुद्रित गीत हे त्या प्रवाहातून एका क्षणी भरून घेतलेले एक भांडे होय. देवरी, चिचगड, सालेकसा, दरेकसा या भागांत जी निवेदने आजही सांगितली जातात, ती गोंडीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत, किंगरीच्या साथीसह आणि स्थळाच्या नोंदीसह संग्रहित झाली पाहिजेत. प्रत्येक पाठातील फरक हा दोष न समजता पुरावा समजला जावा. कथा सांगणारा आत राहिला आणि ऐकणारा बाहेर राहिला तर मधली शिळा जड होत जाते. ती हलविण्यास दोन्ही बाजूंनी जोर लागतो, हे कचारगडच्या कथेनेच सांगून ठेवले आहे.